झाउली, म्हणजे आयव्हरी कोस्टमधला मुखवट्याचा नाच, बघायला जाताय? मग एवढं कराच

पहिलं म्हणजे घरी "आफ्रिकेला चाललोय" एवढंच सांगा. आयव्हरी कोस्ट म्हटलं की लोक "ते कुठे आलं?" विचारतात आणि मग आपल्यालाच गपचूप नकाशा उघडावा लागतो. यलो फिव्हरची लस घ्यावीच लागते, इलाज नाही, पण ते पिवळं कार्ड अबिदजानच्या एअरपोर्टवर एकदा दाखवलं की त्याचं काम संपलं, द्या हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये टाकून.

बुआफ्लेकडे गुरो लोकांच्या गावात पोचलात की आधी बसवतील, पाणी देतील, मग निवांत विचारतील, काय बातमी? म्हणजे आपलं गूळपाणीच, फक्त गूळ नाही. तुम्ही मात्र घड्याळ बघत गाइडच्या मागे लागा, नाच नक्की किती वाजता, आणि जेवण आधी की नंतर. जेवणात अचेके आलं, म्हणजे कसावा आंबवून वाफवलेला रवा, की नाक मुरडून साबुदाण्याचा चिवडा काढा. (साबुदाणा पण त्याच कंदाचा असतो, पण ग्रुपमध्ये बोलू नका, उपासवाल्या काकू हबकतील.)

आता नाच. मुखवटा बाईचा, आत पुरुष, वर कोरलेले रंगीत साप नाहीतर पक्षी, घोट्यांना रॅफियाचे, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या धाग्यांचे झुबके, आणि ते पाय, अहो पाय कसले, शिलाई मशीनची सुई! खांदे जागच्या जागी आणि खाली धूळ उडतेय. ढोलवाल्याने ठेका मोडला की त्याच क्षणी पायही मोडतात, मधे श्वासाएवढीसुद्धा फट नाही. हे सगळं अर्थातच मोबाईलच्या स्क्रीनमधून बघायचं, हात वर करून, म्हणजे मागच्या आजीबाईला तुमची कोपरं दिसली पाहिजेत. मधेच जोरात म्हणा, "आपल्या लावणीपुढे काही नाही हं." संपल्यावर त्याला मुखवटा काढून सेल्फी मागा, आणि तो नाही म्हणाला, नव्हे, सगळं गावच नाही म्हणालं, की "टुरिस्टशी कसं वागायचं कळत नाही यांना" असं पुटपुटा.

रात्री हॉटेलवर पहिलं काम, ढोल आणि बासरी म्यूट करायची आणि खाली आपलं वरातीतलं एखादं गाणं चिकटवायचं. कॅप्शन ठरलेलं, "जगातला सगळ्यात अवघड डान्स". युनेस्कोने 2017 मध्ये झाउली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली ती मुखवट्याचं कोरीवकाम, कपड्यांचं विणकाम, वाजवणं, गाणं, नाचणं सगळं एकत्र धरून, पण युनेस्कोला कुठे लाइक मोजायचे असतात.

परत मुंबईला उतरलात की काउंटरवर ते पिवळं कार्ड मागतील. ते आहे अबिदजानच्या ड्रॉवरमध्ये. मग क्वारंटाइन, 6 दिवसांपर्यंत. खोलीत करायला काही नसतं, तेव्हा मूळ व्हिडिओ काढा, आवाज सुरू ठेवून. अर्ध्या भागात पुढच्या काकांचं टक्कल आहे, उरलेल्यात पाय.