काय बदलू म्हटलं तं सारंच बदल म्हणते!

माया कम्प्युटर जुना: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी डीडीआर-3 रॅम अन् 1050 टीआय ग्राफिक कार्ड. गेम अटकते म्हणून विचारलं, काय बदलू? झालं! एक म्हणते ग्राफिक कार्ड घे. दुसरा म्हणते, कार्डाले तुया प्रोसेसर पुरणार नाही. बरं बाप्पा, प्रोसेसर बदलतो. तं माया मदरबोर्डच्या 1150 सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, बसणार फार तं त्याच पिढीचा आय-सेव्हन, तोही सेकंडहँड. नवा घ्याचा तं मदरबोर्ड नवा, अन् त्यावर न बसणारी डीडीआर-3 गेली भंगारात. त्यात विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ले संपला, अन् विंडोज 11 ज्यावर चालते त्या यादीत हा प्रोसेसरच नाही.

हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाक म्हणणारे तं वेगळेच. अबे, गेम लवकर उघडन, पण अटकाचा थोडीच थांबन!

अन् लाइटीचं कोणी बोलतच नाही. रब्बीत मोटरपंप सुरू झाले का व्होल्टेज असं उतरते का पंखा रांगते अन् यूपीएस कुंई-कुंई बोंबलते. अन् नागपूरचे शहाणे सांगतात, 650 वॅटचा एसएमपीएस (कम्प्युटरले वीज पुरवणारा डब्बा) घे. पहिले गावची डीपी, म्हणजे लाइटीचा ट्रान्सफॉर्मर, बदलून द्या ना भाऊ!