फरशी "मगे बगूया"? मग टाकीपण मगेच आणा!

सहा बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी घ्यायची म्हटली की घरात महिनाभर खल चालतो. काच किती जाड, दिवे कुठले, मासे ऑस्कर ठेवायचे की डिस्कस. आणि खालच्या फुटक्या कोब्याचं, म्हणजे सिमेंटच्या जमिनीचं काय, असं विचारलं की एकच उत्तर: "फरशी मगे बगूया." मगे म्हणजे कधी? ६८० लिटर पाणी भरून झाल्यावर?

अहो, नुसतं पाणीच ६८० किलो. १२ एमएम काचेची टाकी सव्वाशे किलो, वर वाळू, दगड, लोखंडी स्टँड. म्हणजे टनभर ओझं, तेही बारा चौरस फुटांवर. हा काय फ्रिज आहे, लादीवाला आला की बाजूला ढकलायला? "अर्धं पाणी काढू नि चौघं मिळून सरकवू" म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! अर्धं पाणी म्हणजे ३४० किलो. तळ जरासा पिळला की सिलिकॉनचा सांधा सुटतो, आणि तो लगेच गळेलच असं नाही. नवी फरशी चकचकीत झाल्यावर गळतो.

टाकी हलवायची तर पूर्ण रिकामी करूनच. मासे २०० लिटरच्या निळ्या पिंपांत, सोबत टाकीचंच पाणी आणि एअर पंप. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगासुद्धा त्याच पाण्यात, पंपानं हवा देत. त्या दिवसभर कोरड्या पडल्या किंवा क्लोरीनच्या नळाखाली धुतल्या की त्यांच्यावरचे माशांची घाण पचवणारे जिवाणू मेले, पाण्यात विषारी अमोनिया चढला, मासे गेले. मग दोष कुणाला, तर माशांच्या दुकानदाराला. हे सगळं एका खोलीपुरतं आठवडाभर सांभाळा, आणि मधेच मिस्त्री शिमग्याला गेला तर पंधरवडा.

त्याहून शहाणे म्हणतात, टाकी तिथेच ठेवून भोवतीनं लाद्या मारू. कोकणातल्या जुन्या घरात कोब्याखाली असतो जांभ्याच्या मातीचा भराव. बाजूनं खणलं की तो मोकळा होतो, स्टँडचा एक पाय खचतो, काचेवर तिरका ताण येतो. वर कोबा फोडणाऱ्या ब्रेकर मशीनचे हादरे. शेवटी लाद्यांच्या फटीत भरलेल्या ग्राउटचे डाग काढायला अ‍ॅसिड मारलं की एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो!

इतका व्याप करण्यापेक्षा टाकीच्या जागेपुरता चौथरा आधी घाला ना. बाकीची फरशी पाच वर्षांनी करा, कोण विचारतंय. माप: दोन्ही बाजूंना आणि पुढे तीन-तीन इंच जास्त, मागे भिंतीपासून सहा इंच (जांभ्याची भिंत पावसात ओल धरते, शिवाय फिल्टरचे पाईप), म्हणजे साडेसहा बाय पावणेतीन फूट. तेवढा कोबा फोडा, सुटी माती काढून कठीण थरापर्यंत जा, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, मग दगडाचं सोलिंग (रचलेला थर) आणि वर १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट.

खरी मेख उंचीत आहे. नवी फरशी कोबा काढून होणार की कोब्यावरच, हे आजच ठरवा. कोब्यावर चिकटवली तर लादी आणि माल मिळून दीड सेंटीमीटर वाढतात, मालाच्या थरावर घातली तर अडीच इंच. नव्या फरशीच्या उंचीची ती रेघ पाणसळीनं भिंतीवर मारून ठेवा आणि चौथरा तिच्या चार इंच वर आणा. उद्या लाद्या चौथऱ्याच्या अंगाला येऊन टेकतील, टाकीला कुणी हात लावायचा नाही. शेड जुळवायची भानगडही नाही. चौथऱ्यावर एकसंध कडप्प्याची लादी, खाली सिमेंटचा माल पूर्ण भरून. ठोकून बघा, पोकळ वाजला तर उचलायला लावा, मिस्त्री कितीही कुरकुरला तरी. सात दिवस पाणी मारा, टाकी २८ दिवसांनी भरा.

वरच्या मजल्यावर मात्र हा उद्योग नको. चार इंची चौथराच चारशे किलोंचा होतो, आणि राहत्या घराच्या स्लॅबला धरलेला भार असतो चौरस मीटरला २०० किलो. तिथे आधी इंजिनिअरला बीम दाखवा, मग तेवढ्या पट्ट्यात लादी घालून घ्या, मग टाकी.

आणि हे खणकाम मे संपायच्या आत! जूनमध्ये खड्ड्याला खालून पाणी लागतं, धुम्मस केली की नुसता चिखल उडतो. मग मिस्त्रीच म्हणतो, "गणपती झाले की बगूया."