प्रमाणपत्र दिलंत, पुढचे सहा महिने कोण देणार?

आज पुन्हा तोच फोटो. दिव्यांगांच्या संगणक प्रशिक्षणाचा समारोप, हातात प्रमाणपत्रं, मधोमध पाहुणे. लाइक करणाऱ्यांत आपलेच मित्र आहेत, म्हणून लिहितेय. उद्यापासून या लोकांचा फोन कोण उचलणार? प्रशिक्षणानंतर अडेल तिथे सोबत करणारा माणूस, म्हणजे मेंटर, कुठे आहे?

तिशीत दृष्टी गेलेले एक दादा असंच प्रमाणपत्र घेऊन घरी बसले होते. बारावी बाहेरून द्यायची होती आणि अडलं कुठं, तर आडनावाच्या स्पेलिंगवर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. बाहेरून बसणाऱ्यांचा 17 नंबरचा फॉर्म भरायच्या आधीच हे जुळवून घ्यावं लागतं, मुदत संपत आली की कोणी दाद देत नाही. मेंटरचं पहिलं काम हेच: दाखला, आधार, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहणं.

मग लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते पेपरात लिहिणारा. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. सराव नसेल तर तो तास "काय म्हणालात?" मध्येच जातो. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो आणि त्या पोरांच्या परीक्षाही त्याच सुमाराला. डिसेंबरातच दोघं शोधा, एक राखीव. घड्याळ लावून चार-पाच पेपर सोडवा; परिच्छेद, स्वल्पविरामसुद्धा तोंडाने सांगायची सवय लागते.

दादा पास झाले, नोकरी लागली आणि चौथ्या दिवशी सोडायला निघाले! ऑफिसच्या फाइली जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्या वाचतं म्हणजे नुसतं अक्षरांचं कडबोळं. त्यांना वाटलं, आपल्यालाच जमत नाही. मेंटरने फोनवर एवढंच विचारलं, "दादा, फॉन्ट कुठला आहे?" फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला ओळखता येणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घेतल्या, काम सुरू. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. ते चित्र असतं, आधी ओसीआर करून त्यातली अक्षरं काढावी लागतात.

प्रशिक्षण लागतंच, नाही म्हणत नाही. सगळं स्वतःच करून देणारे मेंटर माणसाला परावलंबी करतात, हेही खरं. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के आणि उच्च शिक्षणात 5 टक्के जागा ठेवल्या, त्या दारापर्यंत माणूस पोचायला नको?

चिडून लिहिलं. आयोजकांनो, तुमची तळमळ खरी आहे. पुढच्या वेळी मंडप-हारतुऱ्यांचे पैसे मेंटरच्या मानधनासाठी ठेवा, सहा महिन्यांसाठी. रुजू व्हायच्या आधी घर ते ऑफिस दोन-तीनदा सोबत जा, तेही कामाच्याच वेळी. दुपारच्या रिकाम्या बसमध्ये शिकलेला रस्ता सकाळच्या गर्दीत सापडत नाही. जिना, स्वच्छतागृह, कॅन्टीन दाखवा. पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी फोन, मग आठवड्याला. आणि "कसं चाललंय?" विचारू नका. दादासुद्धा तीन दिवस "ठीक" म्हणत होते. "आज कुठली फाइल वाचता आली नाही?" असं विचारा.