‘लगेच’ हा शब्द तेवढा काढा

‘मनातलं कागदावर उतरवा, लगेच हलकं वाटेल’ हे मनातलं लिहून काढण्यावरच्या तुमच्या लेखातलं विधान खटकलं. सर्जनशीलतेवरच्या काही पुस्तकांतही हेच आश्वासन असतं. लगेच नाही हो वाटत! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस १५-१५ मिनिटं आयुष्यातल्या आघातांबद्दल लिहिलं. लिहून झाल्यावर ते आधीपेक्षा जास्त उदास होते. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत: काय घडलं आणि त्याबद्दल काय वाटलं, हे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या.

वडील गेल्यानंतर मी रोज सकाळी लिहायला लागले (उठल्यावर मनात येईल ते तीन पानं लिहायची, ही लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांची पद्धत). सुरुवातीला वही मिटली की दिवसभर चिडचिड. घरचे म्हणायचे, कशाला उकरून काढतेस? हे असं होतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर स्वतःवर इतकी शंका घेतली नसती. चित्रं काढताना मात्र असा त्रास झाला नाही, हेही खरं. पण फारच असह्य होत असेल तर वही बाजूला ठेवून समुपदेशकाकडे जावं, ही एक ओळ लेखात हवी होती.