प्रश्न असा विचारा, की उत्तरच येऊ नये

सोसायटीचे अध्यक्ष झालात, अभिनंदन. आता ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, म्हणजे चार लोकांना प्रश्न विचारणं आलं. घाबरू नका. गेल्या रविवारी आमच्या गच्चीवर भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत साडेतीन तास बसून ही विद्या मी अगदी जवळून पाहिली आहे. तुम्हाला फुकट देतो.

आधी माणसं कमी असू द्यावीत. आमचे सभासद २४, गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १६ ची, आणि दहा वाजता जमलो अकरा. काळजीचं कारण नाही. सभा तहकूब आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, तेव्हा गणपूर्तीची अट नाही, असं नोटिशीतच छापलेलं असतं. तो अर्धा तास माइकची शिट्टी ऐकण्यात छान जातो.

प्रश्नाआधी भाषण करावं. "मी या बिल्डिंगमध्ये पहिली वीट बघितलीय" इथून सुरुवात करावी, वाटेत पाण्याच्या टाकीवर आणि मुलांच्या क्रिकेटवर पाच पाच मिनिटं थांबावं, आणि "तर तुमचं काय मत?" इथे यावं. कशावर मत, हे तोवर तुम्हालाही आठवत नसतं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर शक्यतो आपणच द्यावं.

विचारून झालं की थांबू मात्र नये. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधून पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं लांब आणि विचार केलेली उत्तरं देतात. तीन सेकंद! असला धोका सोसायटीत कोण पत्करेल? आमचे अध्यक्ष "काही शंका?" हे "चला, पुढचा विषय"ला जोडूनच म्हणतात, मधे श्वास नाही.

हिशेबावरचा प्रश्न ऑडिटरकडे ढकलावा. ऑडिटर कधीच आलेला नसतो.

आता मुख्य धडा: दोन प्रश्न एकात. विषय क्रमांक सहा, लिफ्ट. खर्च १८ लाख, म्हणजे फ्लॅटमागे ७५ हजार. ही भागाकाराची कामगिरी मी मोबाइलवर केली. नोटिशीत फक्त "लिफ्टबाबत विचारविनिमय" एवढंच होतं. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "तर लिफ्ट बदलायची ना, की अजून लोकांना अडकवत बसायचं, आणि कोणाची काही हरकत नाही ना?" मागून दोघेतिघे म्हणाले, "हो." कशाला हो? बदलायला हो? अडकवायला हो? हरकत आहे, हो? सेक्रेटरींनी मान खाली घालून लिहिलं, "सर्वानुमते मंजूर." मी शेजारी होतो, ते दोन शब्द मला वाचता येत होते. माझा हात तेव्हा वर होता. वर! तो दिसला कसा नाही, याचंही तंत्र आहे: प्रश्न विचारताना बघायचं ते जिन्याकडे, कारण तिथून वडे येत होते.

तळमजल्यावरच्या काकूंनी मात्र हात वर न करताच विचारलं, "आम्ही लिफ्ट वापरतच नाही, तरी ७५ हजार?" साधा, रास्त प्रश्न. लिफ्टची देखभाल-दुरुस्ती आणि तिची वीज हा खर्च, वापरा न वापरा, त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, आहे. पुस्तिका टेबलावर होती, तिच्यावर चटणीची वाटी ठेवलेली. ती उघडून वाचून दाखवायला एक मिनिट लागलं असतं. मग आख्खी नवी लिफ्ट "दुरुस्ती"त बसते का, आणि इतकी वर्षं आपण दरमहा भरलेला दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, गेला कुठे, हे प्रश्न आपोआप आले असते. तेच नको होतं ना? अध्यक्ष हसून म्हणाले, "काकू, तुम्ही समजूतदार आहात की नाही?" आता यावर बाईने काय म्हणायचं? नाही म्हणायचं? काकू बसल्या. पदराने चष्मा पुसत बसल्या, आणि वडा आला तो त्यांनी तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

खरं सांगू का, इथपर्यंत मला हसू येत होतं.

अहो आमचे अध्यक्ष, ज्याला "हो" सोडून दुसरं उत्तर दिलं की माणूस वाईट ठरतो, त्याला प्रश्न म्हणत नाहीत. ती दमदाटी. गोड आवाजात केली तरी दमदाटीच. तुम्हाला लिफ्ट हवी आहे, मलाही हवी आहे, माझे गुडघेसुद्धा चौथ्या मजल्याचे आहेत! पण विचारायची एक रीत असते की नाही? दरपत्रकं किती आली आणि कोणाची? फंडात आज किती शिल्लक आहे? एकदम भरणं कोणाला जड जाईल, आणि हप्ते किती करावेत? एका वेळी एक विचारा. विचारल्यावर गप्प बसा. जो कधीच बोलत नाही त्याच्याकडे बघून विचारा, जो नेहमीच बोलतो त्याच्याकडे नको. आणि "बाजूने कोण, विरोधात कोण" असे दोनदा हात मोजून आकडा लिहा. अकरा माणसं होतो हो आपण. अकरा! बोटांवर मोजायला एकच बोट कमी पडलं असतं.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, "सभा खेळीमेळीत पार पडली." खाली अठरा अंगठे. त्यातले निदान सात जण तर सभेला नव्हतेच.

मी लेखी हरकत दिली आहे, पोच घेतली आहे. इतिवृत्तात "सर्वानुमते" खोडलं नाहीत तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न मी विचारणार, आणि उत्तर येईपर्यंत खाली बसणार नाही. आणि वडे मतदान झाल्यावर वाटा.