तुरुंगातलं कॉलेज: पैसा आला, बदलीचं काय?

अमेरिकेतल्या कैद्यांना पेल ग्रँट (गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी केंद्र सरकार देतं ती, परत न फेडायची मदत) परत मिळायला लागली १ जुलै २०२३ पासून. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने (‘क्राइम बिल’) ती तोडली होती. तेव्हाची ओरड अजून ऐकू येते: गरीब पोरांच्या ताटातलं काढून कैद्यांना वाढताय! साफ चूक. पेल सूत्राने ठरते. एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची घटत नाही. बंदीआधी कैद्यांचा वाटा एकूण खर्चाच्या १ टक्क्याहूनही कमी होता.

मदत वाढायलाच हवी. पण नुसता आकडा वाढवून भागणार नाही. २०२४-२५ ला कमाल रक्कम होती वर्षाला ७,३९५ डॉलर. कैद्याच्या हिशेबात राहणं-जेवण धरत नाहीत. फी, पुस्तकं, साहित्य एवढंच. उरलेले पैसे त्याच्या हातात पडत नाहीत. (नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना इथे दारच बंद आहे, ते बरंच झालं.)

पाणी मुरतं ते बदलीत. १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरा. सातव्या आठवड्यात कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, तर पूर्ण ग्रँट पक्की व्हायला लागणारा ६० टक्के काळ भरलेला नसतो, म्हणून ग्रँटचा उरलेला भाग सरकारला परत जातो आणि खड्डा कॉलेजला पडतो. दहाव्या आठवड्यात हलवलं तर आणखी वाईट: पूर्ण ग्रँट ‘वापरली’ असं धरतात, क्रेडिट मात्र शून्य. आयुष्यभराचा कोटा पूर्णवेळ १२ सेमिस्टरचा, त्यातलं एक असं वाया. वर अर्धवट सुटलेले विषय ‘घेतलेले’ म्हणून मोजले जातात, पास होण्याचं प्रमाण घसरतं आणि पुढची मदत अडते. अपील करता येतं. पण नव्या तुरुंगात हे त्याला सांगणार कोण?

दुसरी अडचण जुन्या कर्जाची. विद्यार्थी कर्ज थकलेलं असेल तर पेल नाही. थकबाकीतून बाहेर पडायचा नेहमीचा मार्ग म्हणजे १० महिन्यांत ९ हप्ते वेळेवर भरणं. तासाला काही सेंट कमावणाऱ्याकडून!

म्हणून कॉलेज आणि तुरुंग खात्याच्या करारात एक कलम हवंच: सुरक्षा किंवा आजारपणाचं कारण नसेल तर सेमिस्टर संपेपर्यंत बदली नाही. काही ठिकाणी हे चालतंही. आणि बदली टळणारच नसेल, तर कॉलेज बंद पडल्यावर विद्यार्थ्याचा कोटा जसा परत जमा होतो, तसाच इथेही व्हावा.