आवाज त्यांचा, पैसेही त्यांचेच

फुटबॉलच्या महागड्या तिकिटांचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. "मागणी आहे म्हणून भाव आहे. परवडत नसेल तर टीव्हीवर बघा." असं बोलणारा माणूस स्वतःला फार व्यवहारी समजत असतो. ठीक आहे. निष्ठा, प्रेम, आजोबांपासून घरात चालत आलेला क्लब हे सगळं घटकाभर बाजूला ठेवू आणि निव्वळ व्यवहार बघू. माझं म्हणणं असं की खोट त्या व्यवहारातच आहे.

मागणी-पुरवठ्याचा नियम लागू व्हायचा तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता आलं पाहिजे. लिव्हरपूलचं तिकीट महागलं म्हणून लिव्हरपूलचा माणूस त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी एव्हर्टनचं सीझन तिकीट काढणार आहे का? मरेल, पण काढणार नाही. क्लबला हे पक्कं ठाऊक असतं. हा शिव्या घालेल, फलक धरेल, आणि पुढच्या हंगामात पुन्हा येईलच. अशा माणसाकडून किती उकळता येईल, एवढंच मग ठरवायचं उरतं. याला मागणी-पुरवठा कसलं म्हणता, ही सरळ अडवणूक आहे.

बरं, एवढं उकळून क्लबला मिळतं किती? प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधल्या २० क्लबांचं २०२३-२४ मधलं एकूण उत्पन्न ६ अब्ज पौंडांच्या वर गेलं होतं. त्यात मॅचच्या दिवशी स्टेडियममधून येणारा पैसा ९० कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. आणि त्यातही काचेच्या बॉक्समध्ये बसणाऱ्या बड्या पाहुण्यांचे पैसे आलेच. बाकीचं सगळं प्रामुख्याने टीव्हीचं आणि जाहिरातदारांचं. नुसत्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचा २०२५ पासूनचा चार वर्षांचा करार ६.७ अब्ज पौंडांचा आहे.

आता एक साधं गणित. ६० हजार क्षमतेचं स्टेडियम, घरच्या मैदानावर लीगच्या १९ मॅच, दर तिकिटामागे ५ पौंडांची वाढ. वर्षाचे झाले ५७ लाख पौंड. आठवड्याला १ लाख १० हजार पौंड घेणाऱ्या एका खेळाडूचा वर्षाचा पगार तेवढाच होतो. बड्या क्लबांत हा काही डोळे दिपवणारा पगार नाही. म्हणजे ६० हजार माणसांच्या खिशाला कात्री लावून कमावलं काय, तर एक खेळाडू. तोही कदाचित बाकावर बसून असेल.

हाच हिशेब जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी फार स्वच्छ मांडला होता. त्यांच्या क्लबचं सर्वांत स्वस्त सीझन तिकीट तेव्हा सुमारे १०४ पौंडांना पडायचं. ते ३०० केलं तर २० लाख पौंड जास्त मिळतील. पण खेळाडू विकत घेताना एवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो, चाहत्याला मात्र १०४ आणि ३०० मधला फरक फार मोठा असतो, असं त्यांचं म्हणणं. चाहते म्हणजे दूध काढायच्या गायी नव्हेत, हेही त्यांचंच. होनेस काही साधुसंत नाहीत, करचुकवेगिरीपायी तुरुंगात जाऊन आलेत. त्यामुळे हे त्यांच्या तोंडून ऐकायला जरा जास्तच मजा येते. आणि एवढं स्वस्त तिकीट ठेवून क्लब बुडाला का? २०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, त्यांनीच जिंकली.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. क्लब टीव्हीला विकतात काय? २२ जण चेंडूमागे धावतात ते तर झालंच. पण तेवढंच विकायचं असतं तर २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच सुरू झाल्या तेव्हा कुणाचं काही अडायला नको होतं. अडलं ना! ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचा एकट्याचा आवाज घुमायला लागला, गोल झाला तरी सरावाची मॅच बघतोय असं वाटायला लागलं. शेवटी इंग्लंडमध्ये प्रक्षेपणात व्हिडिओ गेममधला गलका मिसळला गेला. कोट्यवधी मोजून घेतलेला माल त्या गलक्यावाचून बेचव लागत होता, आणि हे प्रेक्षकांच्या आधी विकणाऱ्यांनाच कळलं होतं.

सिनेमात गर्दी दाखवायची असेल तर एक्स्ट्रा लोकांना दिवसाची मजुरी द्यावी लागते. फुटबॉलमध्ये गर्दी स्वतः पैसे भरून येते, घसा बसेपर्यंत गाते, झेंडे स्वखर्चाने शिवून आणते. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबचा दक्षिण स्टँड बघा. जवळजवळ २५ हजार माणसं उभी, सगळी पिवळी. कॅमेरा दर पाच मिनिटांनी तिकडे वळतो तो काही उगाच नाही. त्या भिंतीत उभं राहायचं तिकीट स्वस्त आहे म्हणूनच तिथे गाणारी माणसं आहेत. तीच जागा महागड्या खुर्च्यांनी भरली तर तिथे सेल्फी काढणारे येतील आणि शेवटची दहा मिनिटं उरली की पार्किंगकडे निघतील.

या लोकांनी नुसतं उठून जायचं ठरवलं तर काय होतं, ते एकदा लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर दिसलं. ६ फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूल विरुद्ध संडरलँड. पुढच्या हंगामासाठी नव्या मेन स्टँडमधल्या सर्वांत महाग तिकिटाचा भाव ७७ पौंड जाहीर झाला होता. लिव्हरपूल २-० ने पुढे. ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून बाहेर पडले. राहिलेल्या वेळात संडरलँडने दोन गोल करून मॅच २-२ केली. (योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.) चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचं तिकीट रद्द केलं आणि भाव गोठवले. त्याच आठवड्यात जर्मनीतल्या कप स्पर्धेत डॉर्टमुंडचे चाहते श्टुटगार्टला गेले, महाग तिकिटांच्या निषेधार्थ उशिरा स्टँडमध्ये शिरले आणि मैदानावर टेनिसचे बॉल फेकले.

त्याच्या तीन वर्षं आधीची एक गोष्ट मला याहून जास्त आवडते. जानेवारी २०१३, आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर सिटी. पाहुण्या संघाच्या, म्हणजे सिटीच्या, चाहत्यांना तिकीट ६२ पौंड. सिटीच्या वाट्याच्या सुमारे ३ हजार तिकिटांपैकी ९१२ तिकिटं न विकता परत गेली. सिटी जिंकली, आणि मॅच संपल्यावर लाइन्समन सिटीच्या खेळाडूंना सांगताना कॅमेऱ्यात ऐकू आला की त्या लोकांनी ६२ पौंड मोजलेत, जा, जाऊन भेटा त्यांना. क्लब नाही, लीग नाही, झेंडा धरून पळणाऱ्या माणसाला ते सुचलं!

चाहत्यांच्या अशाच रेट्यामुळे २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. ती अजून आहे. तिच्यामुळे एकाही क्लबला टाळं लागलेलं नाही. अर्थात तिकीट ३० पौंडांचं असलं तरी टीव्हीच्या सोयीसाठी मॅच ऐन वेळी सोमवारी रात्री ढकलली की आधी काढलेलं रेल्वेचं आरक्षण वाया जातं आणि परतीची शेवटची गाडी चुकते, तो खर्च कुठेच धरला जात नाही.

क्लबांचं आणखी एक लाडकं कारण आहे: सुरक्षा, सोयी, खुर्च्या, याला खर्च येतो हो. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली. त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांनी दिलेल्या चौकशी अहवालामुळे इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवरचे उभ्याचे स्टँड गेले आणि खुर्च्या आल्या. पण त्याच अहवालात हेही लिहिलं होतं की स्वस्तातली खुर्ची उभं राहून बघणाऱ्याच्या खिशाला परवडेल अशी ठेवता येईल. उदाहरण दिलं होतं ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमचं: बसून ६ पौंड, उभं राहून ४. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या उचलल्या, परवडणारा भाव मात्र अहवालातच सोडून दिला.

त्यात सगळ्यात लाजिरवाणा प्रकार मुलांच्या सवलतीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने हंगाम अर्ध्यावर असताना सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा किमान भाव ६६ पौंड केला आणि मुलांची, पेन्शनरांची सवलत काढून टाकली. आधी मोठ्यांना ४० पासून आणि मुलांना २५ पासून तिकीट मिळायचं. दोन पोरांना घेऊन जाणाऱ्या बापाचा खर्च ९० पौंडांवरून थेट १९८ वर. तो पुढच्या वेळी एकटा जाईल किंवा जाणारच नाही. पोरं घरी गेम खेळतील. वीस वर्षांनी याच क्लबचा मार्केटिंग विभाग 'तरुण पिढी स्टेडियमकडे का वळत नाही' यावर सल्लागार नेमेल.

हे झालं क्लबांचं. क्लब निदान आपल्या गावातल्या लोकांना तोंड दाखवायला बांधील असतात. फिफाला ती लाजही नाही.

२०२६ चा वर्ल्ड कप मिळवताना अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या प्रस्तावात २१ डॉलरपासून तिकिटं धरली होती. विक्री सुरू झाली ती ६० डॉलरपासून, आणि सोबत आलं डायनॅमिक प्रायसिंग, म्हणजे मागणीप्रमाणे भाव वरखाली. डिसेंबर २०२५ मध्ये देशोदेशीच्या संघटनांमार्फत निष्ठावान चाहत्यांना द्यायच्या तिकिटांचे भाव बाहेर आले. फायनलचं सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलर! सर्वांत स्वस्त! कतारमध्ये २०२२ च्या फायनलचं सर्वसाधारण विक्रीतलं सर्वांत महाग तिकीट १,६०७ डॉलरचं होतं. फुटबॉल सपोर्टर्स युरोप या संघटनेने याला सरळ विश्वासघात म्हटलं. इतका गहजब झाला की आठवड्याच्या आत फिफाने प्रत्येक मॅचसाठी, अगदी फायनलसाठीसुद्धा, ६० डॉलरची काही तिकिटं जाहीर केली. किती? प्रत्येक संघटनेच्या कोट्याच्या १० टक्के, आणि तो कोटाच मुळात त्या मॅचच्या तिकिटांच्या ८ टक्के. दोन्ही संघांचे चाहते मिळून शंभरात दोन माणसंही भरत नाहीत.

डायनॅमिक प्रायसिंगचं शास्त्र किती पक्कं आहे तेही फिफानेच दाखवलं. २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये चेल्सी विरुद्ध फ्लुमिनेन्स सेमीफायनलच्या तिकिटाचा भाव ४७३.९० डॉलरवरून १३.४० वर आला. ज्याने आवडीने, वेळेत, आधी तिकीट काढलं तो मूर्ख ठरला. जो शेवटपर्यंत बेफिकीर राहिला त्याला १३ डॉलरमध्ये सेमीफायनल.

एक आक्षेप मात्र मी मानतो. तिकीट स्वस्त ठेवलं की काळाबाजारवाले ते उचलतात आणि फरक त्यांच्या खिशात जातो. खरं आहे. पण त्यावर उपाय नाही असं नाही. मेक्सिकोतल्या मॅचच्या तिकिटांबाबत फिफाच्याच व्यवस्थेत नियम केला गेला की तिथल्या रहिवाशांनी नको असलेलं तिकीट छापील किमतीलाच दुसऱ्याला द्यायचं, वर एक पैसा नाही. म्हणजे जमतं. जिथे असा नियम नाही तिथे फिफाच्या अधिकृत फेरविक्रीत भाव विकणारा ठरवणार, आणि फिफा विकणाऱ्याकडून १५ टक्के घेणार, विकत घेणाऱ्याकडूनही १५ टक्के. तेच तिकीट पुन्हा विकलं गेलं तर पुन्हा दोघांकडून १५-१५. स्टेडियमबाहेर कुजबुजत तिकीट विकणारा निदान एकाच बाजूने कापतो.